टाकीच्या पोटातला ओरखडा

मित्रांनो, मला पाहून कुणी जुनी म्हणणार नाही, कारण स्टीलला सुरकुत्या पडत नाहीत. मी एका छोट्या बिअरच्या कारखान्यातली आंबवणीची टाकी. वय अवघं नऊ वर्षं. पण माझ्या पोटात काहीतरी राहतं, आणि त्याने मला वेळेआधीच म्हातारी केलं.

वेल्डरने मला घडवलं तेव्हा आत डोकं घालून स्वतःचा चेहरा पाहिला होता. इतकी मी गुळगुळीत. मग दोघी बहिणींनी मला आणलं. थोरली बिअर करायची, धाकटी विकायची. जवाचा गोड काढा माझ्यात ओतून त्यात यीस्ट सोडलं, की मी आतून उबदार व्हायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा थोरली उलटा हात माझ्या अंगाला लावायची. "चाललंय हिचं," एवढंच म्हणायची. त्याहून मोठं कौतुक मला ठाऊक नाही.

मला धुवायला गरम पाणी आणि मऊ फडकं, एवढंच. पण थोरली बाळंत झाली आणि धुण्याचं काम धाकटीकडे आलं. तळाचा थर निघेना, म्हणून तिने तारेची घासणी घेतली आणि घाम गाळून घासलं. ती कामचुकार नव्हती हो. फार स्वच्छ करायला गेली, आणि बोटभर ओरखडा पडला.

त्या ओरखड्यात ते येऊन बसलं, डोळ्यांना न दिसणारं, बिअर आंबट करणारं. गरम पाणी आलं की दबून राहायचं, पाणी गेलं की हळूच पसरायचं. मला ते कळायचं, पण सांगणार कसं?

महिन्या-दीड महिन्याने थोरली बाळाला कुशीत घेऊन आली. एक घोट घेऊन थांबली.

"आंबट आहे."

"लिंबू पिळल्यासारखं जरासं. कुणाला कळतंय?"

"आपण लिंबू पिळलंय का?"

"ताई, चौकातल्या खानावळीने पहिल्यांदा पिंप मागितलंय. आज नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत."

बाळ रडू लागलं. थोरलीचे डोळे जागरणाने मिटत होते. "ने," ती म्हणाली.

कुणीही तक्रार केली नाही. पिंप मात्र जवळजवळ भरलेलंच परत आलं.

"काही बोलला का खानावळवाला?" धाकटीने गाडीवाल्याला विचारलं.

"बोलला ना. ताईंची तब्येत बरी आहे ना, विचारत होता."

पुढचे तीन घाणे त्यांनी मोरीत ओतले. दरवेळी मला उकळत्या पाण्याने धुतलं, दरवेळी ते परत आलं. शेवटी थोरली बॅटरी घेऊन आत उतरली आणि तिचं नख अडकलं. वेल्डरला बोलावलं, त्याने घासून पाहिलं, पण जखम खोल होती. खानावळीचं दार आमच्यासाठी बंद झालं ते झालंच.

मग एक पाववाला मला विकत न्यायला आला. त्याला स्वतःचा बिअरचा कारखाना काढायचा होता. "जरा चकाकी आणली तर दिसणारसुद्धा नाही," धाकटी कुजबुजली. ते आत खूश होतं, मला जाणवलं.

थोरलीने पाववाल्याचा हात धरून माझ्या तळाशी नेला. "इथे नख फिरवा. आमची बिअर इथून बिघडली."

तो हात पुसत निघून गेला. मग धाकटी उठली. "ड्रिल दे इकडे. घासणी माझीच होती." आणि तिने माझ्या तळाला आरपार भोक पाडलं. दुखलं, पण मी सुटले.

मित्रांनो, मोठ्या कारखान्याचा एक वाईट पेला लोक विसरतात. छोट्याचा पहिलाच पेला म्हणजे त्याचं नाव. म्हणून "कुणाला कळतंय" हे शब्द ओठांवर आले की थांबा, आणि हातातलं काम पुन्हा पाहा. आणि कधी कुणी माझं भोक बुजवून मला तुमच्या दारात आणलं, तर कृपा करून मला भरू नका. ते अजून आत आहे, आणि उपाशी आहे.