एकेचाळिसाव्या पानापासूनचा कच्चा टाका

माप देताना माणूस पोट आत घेतो आणि मनातलं बाहेर काढतो, हे टेलरबाईंना तीस वर्षांत पुरतं कळलं होतं. बाहेर पडलेलं ते सगळं, नावं गाळून, त्यांनी वहीची चाळीस पानं भरून लिहिलं. मग हात शिवशिवतच होते, म्हणून पुढची चाळीस पानं स्वतःबद्दल लिहिली. ती तर झरझर झाली.

"मावशी, थेट प्रकाशकाकडे कुणी पाठवत नाही आता," भाची म्हणाली. "मध्ये एजंट लागतो. तो वाचतो, आपल्यासाठी शब्द टाकतो, मग गाडी हलते."

"लग्न मी मध्यस्थाशिवाय जमवलं. पुस्तक काय त्याहून अवघड?"

"मी अजून निस्तरतोय," पेपराआडून नवरा म्हणाला.

पण स्वतः चाचपल्याशिवाय टेलरबाईंनी कधी कापडावर विश्वास ठेवला नव्हता, मग प्रकाशकावर कसा ठेवणार? त्यांनी एकेचाळीसपासून शेवटपर्यंतची पानं एकत्र धरली आणि कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा एक कच्चा टाका घातला. पुढे वाचायचं तर तो तोडावाच लागणार. टाका शाबूत आला, की चोर सापडला.

पहिल्या प्रकाशकाकडून वही परत आली. सोबत पत्र : 'आपले लेखन अथपासून इतिपर्यंत लक्षपूर्वक वाचले.' टाका जागच्या जागी. दुसऱ्याकडूनही तेच. टेलरबाईंना नकाराचं दुःख व्हायला हवं होतं; पण आपण दोघांना कसं पकडलं, याच आनंदात त्या दोन दिवस गुणगुणत होत्या. मग ध्यानात आलं, की चोर पकडले खरे, पुस्तक मात्र अजून घरातच आहे.

तिसऱ्या ठिकाणाहून फोन आला तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी बेतत होत्या. ओठांत टाचण्या.

"टेलरबाई ना? मी संपादक बोलतेय. तुमचं पुस्तक छापू म्हणते."

"अंऽ!"

"काय ती माणसं! कोटाला आतून चोरखिसा मागणारे गृहस्थ वाचून इतकी हसले, आणि मग रडूच आलं. टाका मात्र तोडला नाही हं मी."

म्हणजे हीसुद्धा! टेलरबाईंच्या जिभेवर जे आलं होतं, ते टाचण्यांनी अडवलं. अब्रू राहिली ती टाचण्यांमुळे.

"माझी आई असंच करायची," संपादकबाई सांगत होत्या. "फ्रॉकचा घेर आत दुमडून ठेवायची, मूल वाढलं की उसवायची. जास्तीचं तुम्ही स्वतःच दुमडून पाठवलंत. स्वतःचं लिहिलेलं लेखक स्वतः कुठे कमी करतात? चाळिसाव्या पानावर पुस्तक नेमकं संपतं. तेवढंच छापू ना?"

टेलरबाईंनी टाचण्या तळहातावर काढल्या. खरं सांगावं, तर 'मी तुम्हाला चोर समजले होते' असं म्हणावं लागणार. ऐंशी पानांचा हट्ट धरावा, तर पुस्तक जाणार.

"हो तर," त्या म्हणाल्या. "मुद्दामच दुमडलं होतं."

समोरचं गिऱ्हाईक आरशातून बघत होतं. टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

चार दिवसांनी वही परत आली. चाळीस पानांची प्रत संपादकबाईंनी काढून घेतली होती. टेलरबाईंनी टाका तोडला आणि उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. 'माझा जन्म.' 'बालपणीच दिसलेली चुणूक.' 'माझे काही विचार.' विचार तर पंधरा पानं! मापाचा नसलेला कोट चढवल्यासारखं त्यांना खांद्यात आवळायला लागलं. चोरखिसावाल्याच्या एका पानानं संपादकबाईंना रडवणाऱ्या बाई त्या याच का?

त्यांनी तीच पानं पुन्हा जुळवली आणि सरळ मशीनखाली सरकवली. या वेळी कच्चं नाही. चारी बाजूंनी पक्की टीप.

"काय शिवतेयस गं?" नवऱ्यानं पेपर खाली केला.

"काही नाही हो," टेलरबाई म्हणाल्या. "पोट आत घेतेय."