टोपलीतलं पनीर

माझ्या सासूबाईंना काहीही खायला द्या, त्या आधी तीनदा विचारणार, "यामा काय शे?" यात काय आहे, ते एकदा सांगून भागायचं नाही. शोभाबाई त्यांचं नाव. शिरपूरकडच्या गावी असतानाच, तीस वर्षांपूर्वी, त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. मांसमच्छीचं तर नावच नको, पण अंडं घातलेल्या बिस्किटाचा पुडा घरात आला तरी त्या ताटावरून उठायच्या. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हापासून मी जबाबच देत होते. तेल कुठलं, हिंग कोणाकडचा, शेजारच्या पुष्पाबाईने दिलेल्या शेवेचं तळण कशातलं. वैताग यायचा, पण द्यायचे.

प्लेगच्या भीतीने पळालेले लोक सुरतेला परतले, त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाईंना टायफॉइड झाला. ताप गेला, पण बाईचं नुसतं चिपाड उरलं. दात आधीच गेलेले. दूध नाकाजवळ नेलं की उमळून यायचं, डाळ पोटात ठरायची नाही. नळापर्यंत जायला माझा खांदा लागायचा. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली नाही तर ही बाई पुढचा ताप सोसणार नाही.

माझा दीर कुंदन हा चौकातल्या एका दुकानात कामाला. शेठची मुलं खातात म्हणून त्याने चांदीच्या कागदात गुंडाळलेले चीजचे तुकडे आणले. मऊ, चावायला नको. सासूबाईंनी तीनदा विचारलं, कुंदनने डब्यावरचं सगळं वाचून दाखवलं, मगच खाल्लं. आठवड्याभरात पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा. डॉक्टरांनी डबा बघितला आणि कुंदनलाच झापलं.

"हिला बीपी आहे. या चीजमध्ये किती मीठ असतं ठाऊक आहे? वर ते वितळवताना आणखी क्षार घालतात. घरी लावलेलं ताजं काही द्या."

मी तेव्हा नानपुऱ्यात खोरशेदबाईंकडे धुण्याभांड्याला जायचे. पारशीण एकटीच, जीभ तिखट आणि हात सढळ. त्यांच्याकडे टोपलीचं पनीर व्हायचं. वेताच्या इवल्याशा टोपल्यांत दूध लावायचं, ते थरथरत्या वड्यांसारखं जमायचं, मग त्याच्याच पाण्यात ठेवायचं. जिभेवर ठेवलं की विरघळलं. सासूबाईंची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "लई जा ने दीकरी, मीठू ओछूं नाखीस."

ने घरी, मीठ कमी घालीन, असं त्यांचं म्हणणं. पण मीसुद्धा शोभाबाईची सून. घ्यायच्या आधी विचारलं, "इसमें अंडा तो नहीं?"

"इंडू? पनीरमां? गांडी थई छे?"

वेडी झालीस का म्हणे! माझं समाधान झालं. सुरतेत केक असो, बिस्कीट असो, आमच्या लोकांचा प्रश्न एकच, अंडं आहे का. दुधाच्या पदार्थात आणखी काय असणार?

रोज एक टोपली घरी यायला लागली. सूज उतरली. महिन्याभरात सासूबाई एकट्या नळावर गेल्या, आणि एका सकाळी मी उठले तर चुलीशी बसून भाकरी थापत होत्या. माझा नवरा चिंधा लूमवरून रात्रपाळी करून आला आणि दारातच उभा राहिला. आईच्या हातची भाकरी खाताना त्याला रडू आवरेना. मीही रडले. लपवायचं काय त्यात?

एक गोष्ट तेवढी वेगळी होती. सासूबाई पाण्याचा घोटसुद्धा देवाला दाखवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. पनीर मात्र ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून खायच्या. "आतमा गरम व्हस," म्हणायच्या. थंडीचे दिवस, आत कसलं उकडतंय? पण म्हाताऱ्या माणसाचं मी काय मनावर घेणार?

मग एके दिवशी खोरशेदबाईंचा हात भाजला. म्हणाल्या, आज तू लाव, मी सांगते. फळीवरची बरणी काढ.

बरणीत पिवळसर, सुरकुतलेल्या साली होत्या. मला वाटलं संत्र्याच्या. वासाला काहीच नाही.

"बाई, ये क्या है?"

"मरघीना पेटनी छाल. सुकवेली. पाण्यात भिजवायची, तेच पाणी दुधात. तेना वगर जामे ज नहीं."

कोंबडीच्या पोटातली साल! तिच्याशिवाय दूध जमतच नाही म्हणे! रोज एक टोपली! मी माझ्या हाताने, झाकून, जपून नेलेली! खोरशेदबाईंवर तरी काय चिडणार? मी विचारलं अंड्याचं, त्यांनी सांगितलं अंड्याचं. त्या दिवशी मी टोपली न घेताच घरी गेले.

चिंधाला बाजूला घेऊन सांगितलं. तो माझं मनगट धरून दबक्या आवाजात म्हणाला, "गप राह्य. माय चालाले लागनी. तू तोंड उघाडशी ते मरी जाई ती."

मी गप्प बसणारी नव्हे, तरी बसले. संध्याकाळी कुंदनने टॉनिकची बाटली आणली. सासूबाईंनी ती हातात घेतली, उजेडात धरली.

"यामा काय शे?"

कुंदनने वाचलं.

"यामा काय शे?"

त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"आत्याबाई, त्या पनीरमा कोंबडीना पोटनी साल शे! मले आजच समजनं. मी फक्त अंडानं इचारं व्हतं."

चिंधाने कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता बाई ऊर बडवणार, मला घराबाहेर काढणार, अन्नपाणी सोडणार. सासूबाईंनी बाटली हळूच खाली ठेवली.

"तू कसाले सांगं व सुषमा?"

कशाला सांगितलं, म्हणजे? मला कळेना.

"तीस वरीस मी बठ्ठं इचारं," त्या म्हणाल्या. "हाई एकच नही इचारं. त्या लोकेस्ना घरमा काय रांधतस मले काय माहीत नही? मले भेव वाटे. इचारतू ते तू सांगती. मले जगानं व्हतं व माय." मग आवाज चढला. "आते तू सांगी टाकं. आते कशी खाऊ?"

विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि त्यांना जगायचं होतं. खरंच की. पहिल्या टोपलीपासून त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. हिंगाचा जबाब घेणारी बाई! आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. खोरशेदबाईंच्या बरणीने बसला नव्हता एवढा धक्का मला त्या ओट्याच्या आठवणीने बसला.

रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मी दूध तापवलं, लिंबू पिळलं, फाटलेलं दूध धुतलेल्या फडक्यात गाळलं आणि त्यांच्या बोळक्या तोंडाला चालेल असं कुस्करून ताटलीत दिलं.

"यामा काय शे?"

"दूध आन लिंबू."

त्यांनी आणखी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्यांनी ताटली उचलली, देवाला दाखवली, आणि आतच, देवाकडे तोंड करून खायला बसल्या. घास तोंडात बराच वेळ घोळत होता.

"बरं शे का, आत्याबाई?"

त्यांनी पुढचा घास उचलला. माझ्याकडे त्यांची पाठ होती.