'नको'चं तोंड

माझं काम तोंडं बसवायचं. कार्टूनमधलं खारीचं पिल्लू बोललं, की त्या आवाजाला जुळणारं तोंड मी काढते. 'न'ला दात दिसतात, 'को'ला ओठांचा चंबू होतो. आमची फिल्म अगदी लहान मुलांसाठी आहे: आपलं अंग आपलं, नको म्हणजे नको.

पिल्लाचा आवाज माझ्या पाच वर्षांच्या टिंगीचा. स्टुडिओ मोठ्या दिरांचा. आम्ही राहतो ते घरही त्यांचंच, आणि नवराबायको दोघं त्यांच्याच हाताखाली. भाऊजींना सगळे देवमाणूस म्हणतात. टिंगी दिसली की ते तिला मांडीवर आवळून धरतात, पापी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. ती अंग चोरते. सगळे हसतात. मीही हसते, आणि मग माझीच मला चीड येते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी टिंगीचा 'नको' काही निघेना. दहा वेळा म्हणाली, दहाही वेळा पुळचट. मी शेजारीच उभी होते.

"अगं, कुणी खरंच त्रास देतंय असं समज," रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाला.

तेवढ्यात भाऊजी आत आले. "काय गं लबाडे, काकाला पापी न देताच काम सुरू?" म्हणत त्यांनी तिला ओढून मांडीवर घेतलं.

"नको!"

सगळे दचकलेच. रेकॉर्डिस्टनं अंगठा दाखवला. "हाच! एक नंबर!"

"बघा, माझ्यामुळे जमलं," भाऊजी म्हणाले, आणि पापी घेतलीच.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून मी तोंडं बसवायला घेतली. 'नको' खणखणीत होता. त्याच्या मागोमाग आणखी एक आवाज होता, दबका, घाईतला.

"टिंगे, असं नाही म्हणायचं. काका आहेत ना? दे बरं पटकन."

माझाच आवाज. मी असं बोलल्याचं मला आठवतही नव्हतं. तीनदा ऐकलं.

"तेवढं शेवटचं उडवा हं," रेकॉर्डिस्ट मागून म्हणाला. मी उडवलं. एक बटण दाबलं की झालं.

फिल्म तयार झाल्यावर भाऊजींनी ती सगळ्यांना दाखवली. ते मधल्या खुर्चीत, टिंगी त्यांच्या मांडीवर, त्यांचा हात तिच्या पोटाभोवती. पडद्यावर पिल्लू 'नको' म्हणालं, सुटलं, धावत आईकडे गेलं. आईनं त्याला कुशीत घेतलं. टाळ्या पडल्या.

टिंगीनं मान वळवून मला शोधलं.

"आई, खारीची आई तिला ओरडली कशी नाही?"

सगळे हसले. भाऊजी तर पोट धरून हसले. मी दारापाशी उभी होते. हसायचं तोंड काही केल्या बसेना.