कुटली गेली ती

मी एक दाढ बोलतेय. ड्रॅगनची नव्हे, एका अवाढव्य वानराची. चीनमधल्या ग्वांगशीच्या डोंगरातल्या गुहेतून मला उकरलं आणि औषधी 'ड्रॅगनचा दात' म्हणून वेईच्या औषधाच्या दुकानातल्या खणात टाकलं. शेजारीण म्हणून मिळाली ओरांगउटानची दाढ. सुरकुतलेली, माझ्या निम्म्याएवढी. तिला पाहिलं की माझा जळफळाट होतो.

माझा मालक फळांवर जगला. पुढे जंगल विरळ झालं, फळं महिनोन्‌महिने मिळेनात. ओरांगउटान फांद्यांवरून हिंडत मिळेल ते खायचा. माझ्या मालकाला त्या देहानिशी झाडावर चढता येईना. तो खाली बसून साली आणि काटक्या चावत राहिला. चावत होते मी. झिजले, पण त्याचं पोट भरलं नाही. तो गेला, त्याच्यासारखे सगळेच गेले. हाडं साळिंदरांनी कुरतडली, माझी मुळंसुद्धा सोडली नाहीत.

एका सकाळी शेजारच्या नोंग आजी आल्या.

"अरे वेई, पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही. ड्रॅगनचा दात दे कुटून."

वेईनं मला उचलून जीभ लावली. "चिकटतोय बघा, आजी. अस्सल आहे." त्यानं मला खलात टाकलं. माझा जीव गोळा झाला.

तेवढ्यात जुनी हाडं शोधत फिरणाऱ्या ल्यांगबाई दारातून ओरडल्या, "थांबा, ही नका कुटू!"

"मग आजींना काय देऊ? तुमचं ज्ञान?"

"ती छोटी द्या. ओरांगउटानची आहे. तसल्या आम्हाला पोतंभर मिळतात, त्यांची जात दूरच्या बेटांवर अजून जिवंत आहे. हिच्या जातीचं कुणीच उरलं नाही."

शेजारीण माझ्यादेखत कुटली गेली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी ल्यांगबाई मला कापसात गुंडाळत होत्या, तेव्हा आजी चिकट भाताच्या पुड्या घेऊन आल्या. "वेई, तान्ह्या लेकरासारखी झोपले रे." त्यांनी खलावरून मायेनं हात फिरवला.

तो हात माझ्यावरून फिरला असता.

आता मी शहरात काचेच्या पेटीत आहे. लोक येतात, "केवढी मोठी!" म्हणतात आणि पुढे जातात. शेजारणीला जगताना मिळेल ते खाता आलं, आणि मेल्यावरही ती कुणाच्या तरी कामी आली. मला दोन्ही जमलं नाही.

कधी आलात तर माझ्या आकाराचं कौतुक खुशाल करा. नोंग आजींना अजून झोप लागते का, तेवढं मात्र मला सांगू नका.