भागूबाईने घासलेला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे. मित्रांनो, नेवासे तालुक्यातल्या एका लहान गावच्या चर्चमध्ये, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर मी उपडा पडलो आहे. माझ्यावर जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा ठेवला आहे. उपड्या भांड्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून मी मागचंच आठवत बसतो.

प्याला होण्याआधी मी घागर होतो. राहीबाई नावाच्या मजूर बाईच्या लग्नातली घागर. गावात चर्च उभं राहिलं तेव्हा देवाला द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने मला डोक्यावर घेऊन नगर गाठलं आणि तांबटाला म्हणाली, "हिचा प्याला कर, बाबा. समद्यांच्या ओठाला लागंल आसा." तांबटाने मला कापलं, तापवलं, ठोकलं. फार दुखलं. मग आतून कल्हई केली आणि बाहेरून टिंबाटिंबांनी नाव घातलं, 'राहीबाईकडून'.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. पाळक माझ्यात द्राक्षांचा रस ओतत आणि मी रांगेने एकेकाच्या ओठाला लागत असे. सालगडी प्याला की त्याच्या मागोमाग मास्तर पीत. सगळ्यांना एकच प्याला. मला त्याचा गर्व होता.

आदल्या शनिवारी राहीबाई मला चिंचेने आणि राखेने घासत असे. ती वारल्यावर तिची सून भागूबाई घासू लागली. डाव्या हाताचा अंगठा माझ्या कडेवर रोवायची आणि उजव्या हाताने गोल गोल घासायची. तीनदा विसळून उन्हात ठेवायची. कल्हई कधीच झिजली होती; पितळ घासलं नाही तर आतून हिरवं चढतं आणि रस कडू होतो. "प्यायच्या भांड्यात कडू ऱ्हाऊ न्हाई," ती मला सांगायची. भांड्याशी बोलणारी माणसं थोडीच असतात, मित्रांनो.

मग तिच्या लेकीने, निकिताने, सोपानशी लग्न केलं. सोपान टेम्पो चालवतो. दारू पीत नाही, सासूला दवाखान्यात नेतो. पण तो ख्रिस्ती नव्हता. दोघांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि इकडे चर्चचे पंच बसले. पंचांचे मुख्य आबासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी निकाल दिला : लेकीशी संबंध तोडला असं भागूबाईने मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. तोवर तिला प्रभुभोजन नाही.

रविवारी भागूबाई उभी राहिली. पदर सारखा करून म्हणाली, "माजं काय चुकलं आसंल तर माफी करा. पर लेक माजी हाय."

मागे कोणीतरी हसलं.

आबासाहेब म्हणाले, "भागूबाई, असं मोघम नको. प्याला पाहिजे का लेक?"

"दोनी पायजे."

"हे काय किराणा दुकान आहे, एकावर एक फुकट द्यायला?"

आता सगळेच हसले. सगळे हसतात म्हणून भागूबाईही थोडी हसली. मग तिने विचारलं, "फुडच्या म्हैन्यात प्याला कोन घासनार?"

एवढा विचार आबासाहेबांनी केला नव्हता. "घासायला काय झालं? घासा की! सेवेला कुठं बंदी आहे?"

ती घासत राहिली. सात वर्षं. शनिवारी मी तिच्या हातात असे आणि रविवारी तिच्या समोरून जात असे. तिचा बाक आला की पाळक एक पाऊल लांब टाकत.

त्याच सात वर्षांत आबासाहेबांच्या मुलाने, पंकजने, पुण्यात परधर्मातली मुलगी केली. लॉनवर जेवणं झाली. पंच गाडी करून गेले. परत आल्यावर माझ्या कपाटाला टेकून एकजण म्हणत होता, "सून मोठी संस्कारी आहे हो आबासाहेबांची! आणि गुलाबजाम तर काय!" पुढच्या प्रभुभोजनाला आबासाहेब सगळ्यांच्या आधी प्याले. कोणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही. त्या दिवशी मी नुसता कलंडलो असतो तरी चाललं असतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी निकिता आईला भेटायला आली. चर्चच्या मागे नळापाशी भागूबाई मला घासत होती.

"आई, त्यांच्या पोराला समदं चालतं. तू बस घासत! घाल पानी आन् पी त्याच्यातून. कोन बघतंय?"

"पानी प्यायला घरी तांब्या हाय."

"इतकी कशी गं तू येडी?"

"चोरून प्यालं तर त्ये प्रभुभोजन ऱ्हातं व्हय? आन् त्यांच्यावर चिडत बसाया मला येळ न्हाई. आजून ह्याचं बूड घासायचंय."

गेल्या वर्षी भागूबाईच्या छातीत पाणी झालं. दवाखान्याने घरी पाठवलं. निकिता येऊन राहिली. आईचं हगणं-मुतणं तिनेच काढलं. भागूबाईने पाळकांना निरोप धाडला : मरायच्या आधी एकदा प्रभुभोजन द्या. पाळकांनी मला फडक्यात गुंडाळलं. बरोबर आबासाहेब निघाले. त्यांच्या हातात एक कागद होता आणि शाईचा डबा.

पाळकांनी माझ्यात रस ओतला. तिने मला पाहिलं आणि तिचे ओठ हलले. सात वर्षांनी मी तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतो.

"आधी एवढा अंगठा," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांनी कागद वाचला. लेकीशी माझा काही संबंध नाही, असं त्यात लिहिलं होतं. भागूबाईचं डोकं त्याच लेकीच्या मांडीवर होतं.

निकिता रडत म्हणाली, "कर आई अंगठा. नुसता कागद हाय. मी काय मरत न्हाई त्यानं."

भागूबाईने अंगठा मुठीत घेतला आणि मूठ घट्ट मिटली.

"खोटं बोलून प्याले तर कडू लागंल," ती म्हणाली.

आबासाहेबांनी डब्याला झाकण लावलं. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि माझ्यातला रस परत बाटलीत ओतला. अगदी सांभाळून. एक थेंब सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. कबरस्तानात तिला कुंपणाकडेची जागा मिळाली.

पुढच्या पहिल्या रविवारी मी तसाच टेबलावर आलो. तळाशी वाळलेला रस, त्यावर हिरवी पुटं. आबासाहेबांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! हा घासला नाही का कोणी?"

चर्चमध्ये माणूस न् माणूस बसलेला होता. सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले.

दुसऱ्या महिन्यात नगरहून छोटे प्लास्टिकचे कप आले. औषधाच्या बाटलीवर असतात तसे. "हे बरे. घासायची कटकट नाही," आबासाहेब म्हणाले. मला कपाटात टाकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला खुशाल मोडीत घाला. मी घागर होतो, प्याला झालो, अजून काही होईन. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणाला पंक्तीत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे तुमच्या तोंडून ठरेल. त्या दिवशी एवढंच करा : तुमचं भांडं ज्या हाताने घासलं, तो हात कुठे बसला आहे ते आधी बघा. रविवारची भक्ती सगळ्यांना येते. माणसाची परीक्षा शनिवारी, नळापाशी होते.

भागूबाईचा अंगठा त्या कागदाला मिळाला नाही. माझ्या कडेवर मात्र तो आहे. इतकी वर्षं तिने जिथे अंगठा रोवला, तिथे पितळ झिजून छोटासा खळगा पडला आहे. ओठ तिथे चांगले बसतात. आबासाहेब नेहमी मला फिरवून त्याच जागेवरून पीत असत.