निळ्या कपाची चूक

त्या मालिकेतले कार्यालय प्लायवुडचे होते, खिडकीबाहेरचे आकाश रंगवलेले होते, आणि नायक-नायिकेचे प्रेम त्याहूनही पातळ होते. एकाच कचेरीतले दोघे भांडता भांडता एकमेकांत गुंततात, एवढीच कथा. पण कॅमेरा थांबला रे थांबला की दोघे पाठ फिरवून मोबाइलमध्ये डोके खुपसत.

कॅमेऱ्याशेजारी खुर्चीच्या टोकावर एक तरुणी बसलेली असे. एकेक प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी चित्रित व्हायचा. मधल्या खंडानंतर टेबलावरचे पेन, नायिकेची बट, कपातली कॉफी, सारे पूर्वीसारखेच आहे ना, हे पाहणे तिचे काम. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून सारे तिला ‘दुर्बीण’ म्हणत. तिला त्याचा अभिमान होता. असावाच, चोख काम करणाऱ्याने उगाच लाजू नये.

टेबलावरच्या वस्तू मांडणारा तो ‘गोदाम’. काहीही मागा, त्याच्या पेट्यांतून ते निघायचेच. उंचापुरा, नेटका माणूस, पण कामाबाहेरचे बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी.

असा हा नेटका माणूस अलीकडे रोज एक तरी चूक करू लागला होता. कधी पेन उजवीऐवजी डावीकडे, कधी कॅलेंडरचे पान पुढचे.

“अहो गोदाम, कॅलेंडर! लक्ष कुठे असतं तुमचं?”

“इथेच,” असे म्हणून तो पान इतक्या सावकाश उलटायचा, की तेवढ्यात तिने त्याला आणखी चार शब्द सुनवावेत.

अखेर दिग्दर्शकांनी एके सकाळी सर्वांदेखत बजावले, “आता एक जरी चूक झाली, तर पेट्या उचलायच्या आणि घरी जायचं.”

दुर्बीण तडक वेशभूषेच्या खोलीत गेली. तिथे तिची सख्खी आत्या नायिकेच्या झग्याला टाचण्या लावत होती.

“आत्या, त्यांना काढतील गं. आणि चुका दाखवणारी मीच.”

“मग दाखवू नकोस.”

“असं कसं? माझं कामच आहे ते.”

“बये, तू तापाने घरी पडली होतीस, तेव्हा तुझ्या खुर्चीवर ती दुसरी मुलगी बसायची. तेव्हा त्याच्या किती चुका झाल्या, ठाऊक आहे?”

“किती?”

“एकही नाही.” आत्याने दातांतली टाचणी काढली. “तू परत आलीस आणि पेन पुन्हा डावीकडे गेलं. मी टाचण्या कपड्यांना लावते, डोळ्यांना नाही.”

“म्हणजे मुद्दाम?”

“तुझी बोलणी खायला! दुसरं काही मागायची अक्कल नाही त्याला. आणि तुला कपावरचा डाग दिसतो, एवढा ताडमाड माणूस दिसत नाही. म्हणे दुर्बीण!”

बाहेर घंटा झाली. कान तापलेल्या अवस्थेत दुर्बीण खुर्चीवर येऊन बसली.

गोदामाने त्या दिवशी चूक करायची नाही असे ठरवले होते. ठरवून चुकणे त्याला सोपे जात होते. ठरवून न चुकणे मात्र त्याच्या हाताला मानवले नाही. पेन आणि कॅलेंडर पुन्हा पुन्हा तपासण्याच्या नादात पांढऱ्या कपाच्या जागी निळा कप मांडला गेला.

तिला तो तत्क्षणी दिसला.

“सगळं बरोबर?” दिग्दर्शकांनी विचारले.

तिने एकदा कपाकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले. “बरोबर.”

कॅमेरा सुरू झाला. नायिकेने निळा कप उचलला, आणि गोदामाचा चेहरा उतरला. हा प्रसंग घरोघरी दिसणार, आणि बोट उठणार ते दुर्बिणीकडे.

“कट!” तो ओरडला.

नायिकेचा कप ओठांपाशीच राहिला.

“कट कोण म्हणालं?” दिग्दर्शक उठले.

“मी. कप पांढरा होता. निळा मी ठेवला. त्यांचा काही दोष नाही.”

“आणि बाई, तुम्हाला नाही दिसला?”

नाही म्हणावे तर इतक्या वर्षांचा लौकिक गेला. हो म्हणावे तर त्याहून पंचाईत.

“दिसला,” ती म्हणाली. “सांगितलं असतं, तर हे गेले असते.”

नायिकेने कप खाली ठेवला. “मग जाऊ देत की. तुम्हाला काय?”

“मला काय? मी मग चुका कुणाच्या काढू?”

गोदाम तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिनेही नजर वळवली नाही. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला आणि ते नायकाकडे वळले. “बघा, बघा! असं बघायचं असतं. केव्हाचा ओरडतोय मी!” मग गोदामाला म्हणाले, “आपली चूक आपणच सांगणारा मला परवडतो. राहा. तो कप बदला आधी.”

“बाकीचं बोलायला रीतसर घरी यायचं,” दारातून आत्याचा आवाज आला.

“कधी येऊ?” गोदामाने लगेच विचारले.

“अगंबाई! सुटली का गुळणी?”

हशा ओसरेपर्यंत पांढरा कप जागेवर आला. दुर्बिणीने टेबल नजरेखालून घातले. पेन डावीकडे होते. ती ओरडली नाही, स्वतः उठून टेबलापाशी गेली, पेन उजवीकडे सरकवले आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, “आता हे पुरे हं. बोलायचं असेल, तर हाक मारायची.”