वाळूच्या वाटेचं वंगण

मिस्त्रींनी डब्यातलं वंगण अंगठ्यात आणि बोटात चोळलं आणि ते जागीच थांबले. बोटं चिकटत होती.

ती त्यांनी वेगळी केली, पुन्हा जुळवली. काकवीसारखी तार आली. हे कोरडं वंगण नव्हतं. कोरडं वंगण मारलं की वाळतं, बोटाला मेणाचा नुसता भास राहतो. हे चिखलाच्या वाटेचं होतं, पाण्याने धुऊन जाऊ नये म्हणून घट्ट केलेलं. वाळूत ते चेनीचा वैरी. वाळूचा कण न् कण धरून ठेवतं आणि चेनीला आतून खातं.

काल संध्याकाळी याच डब्यातून त्यांनी सुनेच्या मोटरसायकलची चेन भिजवली होती. आणि सून ती घेऊन तासाभरापूर्वी नदीच्या कोरड्या पात्राकडे गेली होती.

आरोग्य केंद्राच्या चार मोटरसायकली मिस्त्री सांभाळत. उंच मडगार्डच्या, दगडधोंड्यांतून जाणाऱ्या. सून तिथेच नर्स होती. आठवड्यातून दोनदा ती पलीकडच्या वस्त्यांवर लसींची पेटी घेऊन जायची. आधी वाळूचं पात्र, मग चढ, मग दगडांचा उभा उतार. बाकीचे म्हणत, कुठलंही तेल ओता, चेन फिरल्याशी कारण. मिस्त्री त्यावर भडकत. वाट विचारल्याशिवाय ते डब्याला हात लावत नसत.

दोन्ही डबे सारख्याच आकाराचे होते. एकावर निळं लेबल, दुसऱ्यावर हिरवं. त्यांनी डबा खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. रंग नुसता मळकट दिसला. वर्षभर असंच चाललं होतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काय, असं स्वतःशी म्हणत त्यांनी दिवस ढकलले होते.

फोन लावला. लागला नाही. पात्राच्या पुढे तो लागतच नसे.

गेल्या वर्षी त्याच उतारावर वनरक्षकाच्या गाडीची चेन सुटून मागच्या चाकात गुंडाळली गेली होती. चाक जागीच आवळलं. त्याचा पाय अजून सरळ पडत नाही.

बाहेर जीपचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता.

“जीप काढ. नदीकडे.”

“डॉक्टरसाहेबांना न विचारता? झालं काय?”

“सुनेच्या गाडीला मी चुकीचं वंगण मारलंय.”

“तुम्ही? सकाळी सकाळी थट्टा करताय होय?” ड्रायव्हर हसला. मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहा तसाच कठड्यावर ठेवला.

पात्र ओलांडलं, चढ लागला. मिस्त्री कोरडं वंगण आणि रॉकेलची बाटली छातीशी धरून बसले होते. वाटेत पुढे काहीतरी काळं, आडवं पडलेलं होतं.

“ते काय आहे?”

“कुठे?”

“समोर! पडलंय ते! थांब, थांब!”

“अहो, खोड आहे वाळलेलं.” ड्रायव्हरने जीप बाजूने काढली. “एवढं मोठं खोड दिसत नाही तुम्हाला?”

“तू चालव,” मिस्त्री म्हणाले.

चढाच्या माथ्यावर मोटरसायकल एका दगडाला टेकवून उभी होती. शेजारी सून उकिडवी बसलेली, हात मनगटापर्यंत काळे.

“बाबा? तुम्ही इथे कसे?”

“लागलं नाही ना कुठे?”

“छे! चढावर चेन करकरायला लागली. ती बोलायला लागली की थांबायचं, तुम्हीच सांगता ना? म्हणून गाडी उतारावर घातलीच नाही. सगळा कापूस संपला, पण वाळू काही निघत नाही.” तिने वर पाहिलं. “कुठला डबा घेतला होता?”

लेबल निघालं होतं, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही.

“मला दिसलं नाही गं. रंग कळत नाहीत आता. वर्ष झालं.”

“घरी तरी बोलायचं, बाबा.”

“मग गाड्यांना हात लावू दिला असता कोणी?”

मिस्त्री खाली बसले. रॉकेलचं फडकं घेऊन एकेक कडी चिमटीत धरत, चाक पुढे सरकवत त्यांनी चेन पुसली. तिला नजरेने न दिसलेली वाळू त्यांच्या बोटांना सापडत होती. मग त्यांनी डबा तिच्यापुढे धरला.

“तू वाच.”

“कोरड्या वाटेसाठी.”

“मार. आतल्या बाजूने.”

वंगण वाळेपर्यंत दोघं बसून राहिली. “साहेबांशी मी बोलते,” ती हळूच म्हणाली.

“नको. माझं मी सांगतो.”

तिने पेटी बांधली आणि मोटरसायकल उतारावर घातली. मिस्त्री कडेला उभे राहिले. समोर त्यांना नुसता पिवळट उजेड दिसत होता. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला, दगडांत अडखळला, मग सरळ झाला.

“उतरली?”

“उतरल्या.”

“मागे वळून हात केला का तिने?”

ड्रायव्हरने रिकाम्या उताराकडे पाहिलं. “केला.”

आवाज जिकडे गेला होता, त्या दिशेला मिस्त्रींनी हात वर केला.